तरावीहनंतर जायचे कुठे?

दुसऱ्या पाळीचा कामगार रोजा कसा सोडतो, हे पाहायचे असेल तर तळवड्याच्या एखाद्या वर्कशॉपच्या दारात संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास उभे राहावे. पाळी साडेतीनला सुरू झालेली असते. जेवणाची सुट्टी साडेसात-आठला. मगरीबची अजान मात्र सूर्याच्या वेळेने होते, ती सुपरवायझरला विचारत नाही. मग सीएनसी मशीनवर नवा जॉब लावायचा, दार बंद करून सायकल सुरू करायची आणि ती पुरी होईपर्यंत जी तीन-चार मिनिटे मिळतात त्यात हातावरचे कूलंट चिंधीने पुसून खजूर तोंडात टाकायचा. वर अर्धी बाटली पाणी. शेजारच्या मशीनवरचा बीडचा किंवा परभणीचा सोबती "तू जा, मी बघतो" म्हणाला, तर आणखी दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नमाजही होऊन जाते.

हा "तू जा, मी बघतो" म्हणणारा सोबती या पट्ट्यातल्या रमजानचा मोठा आधार आहे. आषाढात पालखी आली की पाळी बदलून देण्याची वेळ दुसऱ्याची असते. याला कोणी सलोखा वगैरे म्हणत नाही. मशीन बंद पडू नये, हा दोघांचाही स्वार्थ असतो.

तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याच वेळी चिखली, मोशी, चऱ्होली अशी आसपासची गावेही आली. एका बाजूला इंद्रायणी, पलीकडे देहू, खाली निगडी, पुढे चाकणची एमआयडीसी. मधोमध सॉफ्टवेअर पार्क आणि त्याच्या काचेच्या इमारतींना खेटून पत्र्याच्या शेडमधले लघुउद्योग. रुपीनगर, त्रिवेणीनगर, ज्योतिबानगर या भागांत खोल्या भाड्याने घेऊन राहणारी तरुण मुले मराठवाड्यातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली असतात. कोणी आयटीआय केलेला, कोणी डिप्लोमा अर्धा सोडलेला, कोणी नुसताच हेल्पर. त्यांत मुस्लिम मुले बरीच आहेत. एका खोलीत चार-पाच जण, कॉट बेसिसवर. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच गादीवर झोपतो.

अशा खोलीतला रमजान घरच्या रमजानसारखा नसतो. घरी आई सहरीला उठवते, इथे मोबाईल उठवतो. पहिल्या पाळीवाल्याला सहरी करून पुन्हा झोपायला वेळ नाही. कंपनीची बस सहाला नाक्यावर येते. रात्रपाळीवाला सहरी कँटीनमध्ये करतो. उरलेली भाजी आणि चपाती असेल तर ठीक, नसेल तर बिस्किटाचा पुडा आणि चहा. दुसऱ्या पाळीवाल्याची अडचण सर्वांत मोठी. त्याची इफ्तार मशीनवर होते आणि तरावीहही हुकते. तरावीह म्हणजे रमजानच्या रात्री इशानंतर पढली जाणारी दीर्घ नमाज. अनेक ठिकाणी तीत महिनाभरात संपूर्ण कुराण ऐकवले जाते. तो बारा-साडेबाराला खोलीवर येतो, एकटाच पढतो. एखाद्या वर्षी तिन्ही पाळ्या आलटून पालटून लागल्या, तर महिनाभरात त्याचे तीन वेगवेगळे रमजान होतात.

या मुलांच्या भक्तीबद्दल लिहिले जाते, गरिबीबद्दलही लिहिले जाते. पण ती वीस-बावीस वर्षांची आहेत, ही साधी गोष्ट बाजूला राहते. वीस वर्षांच्या मुलाला रोजा सुटल्यावर, पोट भरल्यावर, नमाज झाल्यावर बाहेर जावेसे वाटते. मित्रांबरोबर बसावेसे वाटते, चार पदार्थ चाखावेसे वाटतात, सिनेमाच्या गप्पा माराव्याशा वाटतात. रमजानची रात्र जगभर त्यासाठीच जागी असते. तळवड्यात ती कुठे जागते, हा प्रश्न आहे.

इथे बुधवारच्या रात्रीचे महत्त्व सांगायला हवे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटते. वीजपुरवठ्याच्या सोयीसाठी ठरलेला वार पुढे सगळ्या पट्ट्याच्या अंगवळणी पडला. सॉफ्टवेअर पार्कमधली मुले शुक्रवारी संध्याकाळी सुटतात, शेजारच्या शेडमधली बुधवारी रात्री. एकाच चौकात दोन वेगवेगळे आठवडे चालतात. नवा सिनेमा शुक्रवारी लागतो, पण शेडमधला मुलगा तो पुढच्या गुरुवारी पाहतो. तोवर शेवट काय होतो ते रील्सवर कळलेले असते. ईदचा दिवस सोडला तर रमजानमधल्या चार बुधवारच्या रात्री हीच त्याची खरी सुट्टी.

मग बुधवारी रात्री दहानंतर दोन-दोन, तीन-तीन जण एका दुचाकीवर बसून निघतात. काही जण खडकी बाजारापर्यंत, काही थेट पुण्यात. मोमीनपुरा, गंज पेठ, कॅम्पातला बाबाजान चौक, कोंढव्यातले कौसरबाग ही रमजानच्या रात्रीची नावे पुण्यातल्या सर्वच धर्मांच्या खवय्यांना ठाऊक आहेत. सीख कबाब, खिरी, नल्ली निहारी, मालपुवा, फालुदा. मोमीनपुऱ्याच्या गल्लीत अलीकडे कॅमेरे घेऊन आलेल्या मुलामुलींची गर्दी इतकी असते की रोजा सोडलेल्याला आत शिरायला जागा नाही, अशी तिथल्या जुन्या माणसांची गोड तक्रार असते. पिंपरीहून स्वारगेटपर्यंतची मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून धावू लागली आणि मंडई स्थानकावर उतरून गंज पेठेत चालत जाता येऊ लागले. पण मेट्रो अकराच्या सुमारास थांबते आणि मोमीनपुरा रंगतो दहानंतर. म्हणजे जाणे मेट्रोने, येणे देवाच्या भरवशावर. शिवाय तळवडे ते पिंपरीचे मेट्रो स्थानक हे अंतर राहतेच. म्हणून दुचाकी, आणि दुचाकीवर तिघे, आणि मग नाशिक फाट्यावर किंवा दापोडीत पावती.

ज्यांच्याकडे गाडी नाही ते चौकातल्या टपरीवर बसतात. बाकडे भरले की उभ्या गाड्यांच्या सीटवर. एक चहा दोघांत. अकरा-साडेअकराला गस्तीची गाडी येते, टपरीवाल्याला आवरायला सांगते. २०१७ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बहुतेक दुकाने रात्रभर उघडी ठेवता येतात. हॉटेलांनाही ती मुभा आहे. पण कायदा दुकानाला आहे, टपरीला कुठला? पोलिसांचे म्हणणेही अगदीच चुकीचे नसते. रात्री औद्योगिक पट्ट्यात चोऱ्या होतात, भांडणे होतात, दारूच्या दुकानांपुढचा गोंधळ वेगळाच. दारू न प्यालेली, टोपी खिशात घातलेली चार मुले या सगळ्यांबरोबर एकाच शिट्टीने उठवली जातात, एवढेच.

आता याच वयाचा, याच कामाचा, याच महिन्यात रोजा ठेवणारा एक मुलगा मलेशियात पाहू. क्वालालंपूरच्या उंच जोड मनोऱ्यांच्या सावलीतला नको, तो आपल्याला ठाऊक असतो. पिनांग बेटावरच्या बायान लेपासचा घेऊ. तिथली औद्योगिक वसाहत १९७२ ची. अमेरिकेच्या इंटेल कंपनीने आपला परदेशातला पहिला कारखाना त्याच वर्षी तिथे काढला. म्हणजे पिंपरी-चिंचवडसारखेच, नारळीच्या बागा आणि शेते जाऊन पाळ्यांचे गाव झालेले. तिथेही तीन पाळ्या, कंपनीची बस, ओव्हरटाईमची चढाओढ. तिथेही परमुलखातले कामगार: बांगलादेशी, नेपाळी, इंडोनेशियाचे.

पण संध्याकाळ वेगळी. मलेशियात रमजानचा बाजार हा नगरपालिकेच्या परवान्याने भरतो. दुपारी तीन-चारपासून रस्त्याकडेला रांगेने तंबू लागतात आणि रोजा सुटेपर्यंत पातेली रिकामी होतात. विकणारे बहुतेक मुस्लिम, विकत घेणारे मलय, चिनी, तमिळ सगळे. चिनी बाई पोरांसाठी मिठाई घेऊन जाते, तिला रोजा नसतो. २०२० च्या जनगणनेनुसार मलेशियात मुस्लिम सुमारे ६३ टक्के, बौद्ध १८ टक्क्यांच्या वर, ख्रिस्ती ९ आणि हिंदू ६ टक्क्यांच्या आसपास आहेत. रमजानचा बाजार सगळ्यांचा आहे.

आणि तरावीहनंतर? तरावीहनंतर 'मामक'. हा शब्द तमिळ 'मामा'वरून आला असे सांगतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून व्यापाराला गेलेल्या मुस्लिमांना तिथे हे नाव पडले. त्यांच्या खाणावळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आणि त्यांपैकी पुष्कळ चोवीस तास उघड्या असतात. आपल्या परोठ्याचीच भावंड असलेली 'रोती चनाई', एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणलेला 'तेह तारिक' चहा, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फुटबॉल. एका चहावर तीन तास बसले तरी कोणी उठवत नाही. पिनांगचा प्रसिद्ध 'नासी कंदर' म्हणजे शब्दशः कावडीवरचा भात. जुन्या काळी हे भातवाले खांद्यावर कावड घेऊन गोदीकडे फिरत. गोदी कामगारांचे ते जेवण. कामगाराची गरज म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे अख्ख्या देशाची रात्रीची बैठक झाली. मलय भाषेत अशा निवांत, बिनकामाच्या बसण्याला 'लेपाक' म्हणतात. घरोघरच्या आया त्यावरून ओरडतात, तरी चालूच. मराठीत त्याला टवाळक्या म्हणतात आणि उर्दूत आवारागर्दी. दोन्ही शब्दांत शिवी आहे. बसण्यासाठी बरा शब्द आपल्याकडे 'कट्टा' हा एकच. तळवड्यातल्या भाडेकरू पोरांना तोही नाही.

मलेशिया म्हणजे स्वर्ग, असे समजण्याचे कारण नाही. तिथल्या राज्यांच्या धर्मकायद्यानुसार रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणाऱ्या मुस्लिमाला दंड होऊ शकतो. धर्मखात्याची माणसे उपाहारगृहांत जाऊन पाहतात. तळवड्यात एखाद्याने रोजा ठेवला नाही तर खोलीतला मित्र टोमणा मारेल, फार तर अब्बांना फोन करील. पण सरकार त्यात पडणार नाही. रोजा अल्लाहसाठी असेल तर शिपाई कशाला, हा प्रश्न भारतातल्या मुस्लिम मुलाला पडू शकतो आणि तो तो मोकळेपणी विचारू शकतो. ही मोकळीक लहान नाही.

सिनेमाचेही तसेच. मलय सिनेमाची मुळे शोधत गेले की माणूस भारतात येऊन पोचतो. मलय भाषेतला पहिला बोलपट मानला जाणारा 'लैला मजनून' १९३० च्या दशकात सिंगापुरात तयार झाला, दिग्दर्शक बी. एस. राजहंस हे भारतीय होते. पुढे सिंगापूरच्या शॉ बंधूंच्या स्टुडिओने भारतातून दिग्दर्शक बोलावले. सैगलचा 'स्ट्रीट सिंगर' करणारे फणी मजुमदार तिथे गेले आणि १९५६ मध्ये त्यांनी 'हांग तुआह' हा मलय वीरकथेवरचा चित्रपट केला. त्यात नायक होता पी. रामली. पिनांगमध्ये १९२९ साली जन्मलेला हा गायक, नट, संगीतकार, दिग्दर्शक १९७३ मध्ये गेला, पण मलेशियातला आजचा विशीतला मुलगाही त्याच्या विनोदी चित्रपटांतले संवाद पाठ म्हणतो. त्याला सिनेमात आणले ते राजहंस यांनीच. उलट बाजूने पाहिले तर शाहरुख खानला २००८ मध्ये मलाक्का राज्याने 'दातुक' हा किताब दिला, आणि २००६ चा 'डॉन' क्वालालंपुरात चित्रित झाला. म्हणजे बायान लेपासचा मुलगा आणि तळवड्याचा मुलगा एकमेकांना भेटलेच, तर बोलायला विषय आहे.

'उपिन-इपिन' या मलेशियन कार्टूनची गोष्ट तर खास रमजानची. २००७ साली लहान मुलांना रोज्याची ओळख करून द्यावी म्हणून ही छोटी मालिका काढली. आईबाप नसलेली, आजी आणि मोठ्या बहिणीजवळ वाढणारी जुळी भावंडे पहिल्यांदा रोजा ठेवतात, दुपारी कासावीस होतात. खेड्यातल्या त्यांच्या सवंगड्यांत चिनी मेई मेई आहे, पंजाबी जरजीत सिंग आहे, खाण्याची गाडी चालवणारे तमिळ मुथू काका आहेत. रमजानसाठी काढलेले कार्टून बारमाही झाले आणि इंडोनेशियातही घरोघर गेले. मराठीत शाळकरी मुलांसाठी असे काही काढायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही. कोणाला सुचलेले नाही, इतकेच.

मोठ्यांच्या सिनेमात मात्र तिथेही काचते. यास्मिन अहमद यांनी 'सेपेत'मध्ये मलय मुलगी आणि नकली व्हीसीडी विकणारा चिनी मुलगा यांचे प्रेम दाखवले तेव्हा वाद झाला, आणि आज तोच चित्रपट देशाचा लाडका आहे. उलट वेगवेगळ्या धर्मांबद्दल प्रश्न विचारणाऱ्या एका मुस्लिम मुलीच्या गोष्टीवरचा 'मेंतेगा तेरबांग' २०२३ मध्ये बंद केला गेला आणि पुढच्या जानेवारीत दिग्दर्शक-निर्मात्यांवर खटला भरला गेला. २०२२ मध्ये गर्दीचे विक्रम मोडले ते 'मात किलाऊ'ने, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या पहांगच्या योद्ध्यावरच्या चित्रपटाने. इतर समाजांचे चित्रण त्यात नीट नाही, अशी टीका तिथे झाली. हे वाचताना आपल्याकडचे काही आठवले तर तो योगायोग नाही. इतिहासावरचा सिनेमा कुठेही निघाला की चित्रपटगृहाबाहेर त्याचा दुसरा खेळ सुरू होतो.

तळवड्याच्या मुलाचा 'आपला' सिनेमा कोणता? पिंपरीच्या विशालला किंवा आकुर्डीच्या जय गणेशला जो लागतो तो, हे झाले साधे उत्तर. पण याच खोल्यांत मालेगावची मुले आहेत आणि त्यांचे उत्तर वेगळे असते. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. गिरणगावाला जसा रविवार, तसा तिथे शुक्रवार. नमाज, जेवण आणि सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी याच हौसेतून २००० साली 'मालेगाव के शोले' केला, जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास खर्च करून. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलवर आले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यात सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमागावरचा हडकुळा कामगार. पडद्यावर तो तंबाखूचा धंदा करणाऱ्या खलनायकाशी लढतो. २०११ मध्ये तो कर्करोगाने गेला. फैजा अहमद खान यांनी या सगळ्या खटाटोपावर केलेला माहितीपट जगभर गाजला आणि पुढे रीमा कागती यांनी त्यावर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपट केला.

तो आपल्याकडे लागला २८ फेब्रुवारी २०२५ ला, आणि २ मार्चला पहिला रोजा होता. ज्यांच्या आयुष्यावर तो आहे त्यांच्यासाठी यापेक्षा वाईट मुहूर्त काढता आला नसता. रमजानमध्ये थेटरात जाणे बहुतेक घरांत वर्ज्य. कोणी सांगितले म्हणून नव्हे, मनालाच बरे वाटत नाही म्हणून. त्यात बहुतेक पडदे दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या 'छावा'ने व्यापलेले. गुरुवारच्या सुट्टीला चित्रपट पाहू म्हणणाऱ्या कामगाराला पुढच्या गुरुवारी तो शोधूनच पाहावा लागला असता. पुढे तो मोबाईलवर आला तेव्हा खोल्या-खोल्यांतून पाहिला गेला. छोट्या पडद्यावर, एका फोनवर चार डोकी, म्हणजे नासिर शेखांच्या व्हिडिओ पार्लरसारखाच. ईदच्या आदल्या दिवशी, पाडव्याला, सलमानचा 'सिकंदर' लागला. ईदीचे पैसे तिकडे गेले हे सांगायला नको. चित्रपट कसा होता हा वेगळा विषय.

त्या वर्षीच्या रमजानवर आणखी एक सावली होती. तळवड्याला लागून असलेल्या चिखली-कुदळवाडीत भंगाराची गोदामे आणि छोटे कारखाने यांचे मोठे जाळे होते. ८ फेब्रुवारी २०२५ पासून महापालिकेने ते अनधिकृत म्हणून पाडायला सुरुवात केली आणि काही दिवसांत हजारो शेड सपाट झाली. भंगाराला वारंवार लागणाऱ्या आगी, धूर, इंद्रायणीत जाणारे पाणी, या नागरिकांच्या तक्रारी खऱ्या होत्या. ती शेड वर्षानुवर्षे उभी राहिली, तिथून माल घेणाऱ्या आणि तिथे काम देणाऱ्या कंपन्या त्यावर चालल्या, हेही खरे होते. तीन आठवड्यांनी रमजान लागला तेव्हा तिथे काम करणाऱ्या कित्येक मुलांना ना पाळी होती ना खोली. दोष कोणाचा यावर मतभेद होऊ शकतात. ज्या मुलाने तिथे पत्र्याच्या शेडमध्ये दहा जणांबरोबर एका ताटात रोजा सोडायची सवय केली होती, त्याच्या हातून नोकरीबरोबर बसायची जागाही गेली, आणि ती कुठल्याच पंचनाम्यात नोंदवली गेली नाही.

आणि मुली? आतापर्यंत सगळे 'मुलगा' असेच चालले आहे, कारण रस्त्यावर तोच दिसतो. तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कात आणि चाकणच्या असेंब्ली लाईनवर रोजा ठेवणाऱ्या मुलीही आहेत. घरी राहणारी असेल तर कंपनीतून सुटून येते ती थेट स्वयंपाकघरात. रोजा तिचाही असतो, पण भजी तिनेच तळायची असतात. खोली घेऊन राहणारी असेल तर दहाच्या आत होस्टेलचे दार. तरावीह घरातच. मोमीनपुऱ्याला जायचे तर भाऊ हवा, आणि भाऊ मित्रांबरोबर गेलेला असतो. तिची रात्र गच्चीवर, मैत्रिणीशी फोनवर बोलत संपते. मलेशियात डोक्यावर 'तुदुंग' बांधलेल्या तीन मुली रात्री एकला मामकमध्ये चहा पीत बसलेल्या दिसतात आणि कोणी मान वळवून पाहत नाही. तिथला धर्म आपल्यापेक्षा सैल आहे म्हणून नव्हे. वर सांगितले तसे तो कितीतरी बाबतींत कडकच आहे. रस्त्यावर दिवे आहेत, खाणावळ उघडी आहे, आजूबाजूला कुटुंबे बसलेली आहेत, म्हणून. आपल्या बस्त्यांमध्ये मुलीच्या रात्री बाहेर पडण्याला दीनचे नाव सांगून अडवले जाते, ते निम्म्याहून अधिक वेळा अंधाराचे कारण असते. निदान रमजानच्या इफ्तारचा स्वयंपाक तरी भाऊ-बहिणीने वाटून घ्यावा. त्याला ना दिवे लागतात ना महापालिका.

तळवड्याला रात्री जागायची सवय नाही असे मात्र म्हणता येत नाही. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज असते. गेल्या वर्षी ती रमजानात आली, यंदाही रमजानातच. देहू-आळंदी रस्ता तळवड्यावरूनच जातो. त्या आदल्या रात्री दिंड्या चालत असतात, टाळांचा आवाज खोल्यांपर्यंत येतो, रस्त्याकडेला चहा-पाण्याचे टेबल लागते आणि पहाटे चारला सगळा रस्ता जागा असतो. सहरीला उठलेल्या मुलाला त्या एका पहाटे खाली आयता चहा मिळतो. त्या रात्री गस्तीची गाडी कोणाला उठवत नाही, उलट वाट करून देते.

देहूत अनगडशाह बाबांचा दर्गा आहे, आणि तुकोबांची पालखी आषाढीला निघते तेव्हा पहिली आरती त्या दर्ग्यापाशी होते, हे इथल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. कमी लोकांना ठाऊक असते ते सिनेमाचे. १९३६ चा 'संत तुकाराम' प्रभात कंपनीने पुण्याच्या स्टुडिओत केला, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम लोकांनी देव्हाऱ्यात लावले. त्याचे दिग्दर्शक दोन: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. कागलचे फत्तेलाल, मित्रमंडळींचे साहेबमामा, चित्रकार होते. प्रभातचे सेट त्यांच्या हातचे. देहूचे ते घर, तो डोह, वैकुंठाला निघालेले ते गरुडाचे विमान, ज्यातून आजही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तुकोबा उभे राहतात, त्यात एका रोजेदाराच्या समाजातल्या कलावंताचा हात आहे. मजुमदार सिंगापुरात मलय वीराची कथा सांगत होते, त्याच्या वीस वर्षे आधी हे पुण्यात होऊन गेले.

तळवड्याच्या खोलीतल्या किती मुलांना फत्तेलाल हे नाव माहीत असेल? फारच थोड्यांना. मालेगावचा नासिर शेख त्यांना माहीत आहे, यूट्यूबवरचा मालेगावचाच 'छोटू दादा' तर तोंडपाठ आहे. काही जण पाळी संपल्यावर स्वतःच रील काढतात: हेल्मेट घातलेला सुपरवायझर, हजेरीला उशीर झालेला हेल्पर, ओटी मागणारा ऑपरेटर. रमजानमध्ये त्यांचे विषय बदलतात. सहरीला न उठणारा रूममेट आणि इफ्तारला नेमका सर्वांआधी येणारा बेरोजेदार, हे दोघे त्यांच्या रील्समधले कायमचे नायक. त्यातला बेरोजेदार पुष्कळदा परभणीचा तोच सोबती असतो, "तू जा, मी बघतो" म्हणणारा, आणि तो हे काम आनंदाने करतो.

शेवटच्या दहा रोज्यांत खोल्या रिकाम्या होऊ लागतात. मलेशियात ईदच्या आधी शहरे रिकामी होतात, त्याला 'बालिक कांपुंग', म्हणजे गावी परतणे म्हणतात. महामार्गांवर मैल-मैल गाड्यांच्या रांगा. इथे त्याला नाव नाही, पण वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर ती रांग दिसते. बीड, लातूर, नांदेड, मालेगाव. पाडवा आणि ईद यंदाही एकाच आठवड्यात आहेत, तेव्हा पाडव्याला गावी निघालेला आणि ईदला निघालेला एकाच गाडीत उभे असतील. सुट्टी किती मिळेल ते कंत्राटदाराच्या हातात. चंद्र दिसला की ईद, आणि चंद्र आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगत नाही. सुट्टीचा अर्ज मात्र आठ दिवस आधी द्यायचा असतो. म्हणून काही जण दोन दिवसांचा अर्ज देतात आणि एक दिवस कापून घेतात. ज्यांना तोही मिळत नाही ते चाँद रातीला दुसऱ्या पाळीवर असतात. मगरीबनंतर गेटवरचा वॉचमन येऊन सांगतो, दिसला म्हणून. मशीनची सायकल संपायला दोन मिनिटे असतात. तेवढ्यात बाहेर येऊन शेडच्या पत्र्यामागून तो पाहायचा, घरी फोन लावायचा आणि पुढचा जॉब लावायला आत जायचे.